उन्हाचा धक्का

ऊन पापड वाळवतं, ठाऊक आहे. पण ऊन वस्तूला ढकलतंही, हे ऐकून आमच्या गटातल्या सगळ्याजणी हसलो होतो.

धक्का अगदी हलका. अवकाशात एकरभर आरसा उन्हासमोर धरला, तरी त्यावर चार ग्रॅमही भार येत नाही; चमचाभर हळदीएवढा. पण तिथे हवा अडवत नाही आणि ऊन थांबत नाही.

आपल्या इन्सॅट-१ उपग्रहांना वीज बनवणारा पंख एकाच बाजूला होता. हवामान टिपणारं यंत्र थंड राहावं म्हणून दुसरी बाजू मोकळी ठेवली होती. एकाच बाजूला हंडा घेतला की आपण कलतो, तसा उपग्रह उन्हाने कलला असता. म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर हलकं शीड दिलं.

१९८२ मध्ये इन्सॅट-१ए चं शीड उघडलंच नाही. पुढे आणखी बिघाड झाले, काही महिन्यांतच इंधन संपलं आणि उपग्रह गेला. १९८३ च्या इन्सॅट-१बी चं शीड उघडलं. गावोगावी दूरदर्शन पोहोचलं, किनाऱ्याला वादळाचे इशारे मिळाले, त्यात त्याचा मोठा वाटा.

चमचाभर भारही हिशेबात धरावा लागतो. गटाच्या वहीत आम्ही दहा रुपयेसुद्धा लिहितो, ते उगाच नाही.