ऑक्सफर्डचा विद्यार्थी आणि वर्गाबाहेरची शाळा

(हीरक महोत्सवानिमित्त जयपूरच्या वैशालीनगरात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



‘अभ्यास सांभाळून बाकीचे किती करू द्यावे?’ हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. राजस्थानात शिकवणीवर्गांची चढाओढ मोठी. तेथे नाटक, खेळ किंवा समाजसेवेत रमणारे मूल मागे तर पडणार नाही ना, ही धास्ती स्वाभाविक आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले, तर या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

शिंदे यांचा जन्म 1873 मध्ये जमखंडी येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले होते. परंतु प्रार्थना समाजाच्या सहवासात त्यांना धर्मकार्याची ओढ लागली आणि वकिलीची वाट त्यांनी सोडली. युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर 1901 मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात दाखल झाले. प्रवासखर्चासाठी श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य लाभले. घरची परिस्थिती बेताची होती. आईवडील, पत्नी आणि बहिणी मागे राहिल्या होत्या. अशा विद्यार्थ्याने परदेशातील एकही दिवस वाया घालवणे परवडण्यासारखे नव्हते.

हे महाविद्यालय उदारमतवादी धर्मोपदेशक घडवणारे होते. प्राचार्य जेम्स ड्रमंड, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक एस्टलिन कार्पेंटर आणि तत्त्वज्ञानाचे अध्यापक अप्टन यांच्यासारखे गुरू तेथे होते. तौलनिक धर्माध्ययन हा शिंदे यांचा मुख्य विषय. जगातील धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून समजून घ्यायचे, तर त्याला बैठक हवी, एकाग्रता हवी. ती त्यांनी साधली.

तरीही ते ग्रंथालयातच अडकून राहिले नाहीत. सुट्ट्यांत त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रवास केला आणि तेथील सामान्य माणसांचे जीवन पाहिले. गरीब वस्त्यांत युनिटेरियन कार्यकर्ते कसे काम करतात, हेही जाणून घेतले. प्रार्थना समाजाच्या ‘सुबोध पत्रिके’साठी ते मराठीत लेख पाठवीत, रोजनिशी लिहीत. शिक्षण संपताना, सप्टेंबर 1903 मध्ये, ॲमस्टरडॅमच्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला.

इतके सारे दोन वर्षांत कसे बसले? या सर्व उद्योगांचे मूळ एकच होते. धर्म माणसाच्या उपयोगी कसा पडावा, हा प्रश्न घेऊन ते वर्गात बसत आणि तोच प्रश्न घेऊन वस्तीत जात. दिवसभर पाहिलेले रोजनिशीत उतरले की विचार पक्का होई. मायदेशीच्या वाचकाला समजेल असे लिहायचे, तर विषय आधी स्वतःला नीट कळावा लागे. अशा रीतीने बाहेरचे काम अभ्यासाची उजळणीच करून घेत होते.

त्याचे फळ पुढे दिसले. मायदेशी परतल्यावर शिंदे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. त्यांची बहीण जनाबाईही या कार्यात सहभागी झाली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी केवळ ग्रंथ वाचले असते, तर ते विद्वान झालेच असते. पण परळच्या शाळेची वाट त्यांना इतक्या लवकर सापडली असती का?

पालकहो, याचा अर्थ मुलांना दहा उपक्रमांत गुंतवावे असा नाही. प्रमाणपत्रांसाठी केलेली धावपळ अभ्यासालाही मारक ठरते आणि उपक्रमालाही. मुलाला एकच विचारावे : या कामातून तुला काय कळते आहे? उत्तर देताना त्याचा चेहरा उजळला, तर त्या कामाला वेळ द्यावा. उत्तरच नसेल, तर ते काम निःसंकोच सोडू द्यावे. सत्र चालू असताना अभ्यासाला अग्रक्रम, सुट्टीत बाहेरच्या जगाला मोकळा वेळ आणि रोज चार ओळींचे लेखन, एवढी शिस्त कोणत्याही घरात पाळता येईल.

साठ वर्षांत या शाळेच्या फळ्यावर असंख्य धडे लिहिले गेले आणि पुसलेही गेले. वर्गाबाहेर पडल्यावर ज्यांचा उपयोग झाला, तेच विद्यार्थ्यांच्या मनात टिकले. आपल्या मुलांच्या वाट्याला असे टिकणारे धडे अधिक यावेत, हीच हीरक महोत्सवाची सदिच्छा.