रेघ कुठे ओढावी?

धातूच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत तिरपा सोडला की पडद्यावर एकमेकांना छेदणारे पट्टे उमटतात. जपानच्या किकुची यांनी १९२८ साली अभ्रकातून अशा रेघा मिळवल्या, म्हणून पट्ट्यांनाही त्यांचेच नाव आहे. पट्ट्यांमधील कोनांवरून स्फटिक कोणत्या दिशेने बसला आहे ते कळते.

आज संगणक हे पट्टे आपोआप शोधतो. चित्र अंधूक असले की तो चुकतो. मग माणसाला हाताने रेघा ओढून द्याव्या लागतात. खरी कसोटी इथेच. हवे ते उत्तर यावे म्हणून नसलेल्या पट्ट्यावर रेघ ओढली, तरी संगणक उत्तर देऊ शकतो. पण ते खोटे असते.

मुलांनो, दिसेल तेवढेच मांडा. पालकांनो, ‘मला दिसत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका.