दाढ काढण्याची भीती आणि भुलीचे प्रकार

दाढ ठणकू लागली म्हणजे मनुष्य प्रथम लवंगेचे तेल शोधतो, मग मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो, आणि दंतवैद्याकडे जाणे मात्र उद्यावर ढकलतो. दाढेचे दुखणे त्याला सोसवत नाही. परंतु ती काढताना होणाऱ्या वेदनेची कल्पना त्याहूनही सोसवत नाही. ही कल्पना एके काळी खरी होती. आज ती खरी राहिलेली नाही, आणि याचे बरेचसे श्रेय दंतवैद्यांनाच आहे.

१८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे नायट्रस ऑक्साइड वायूचा एक जाहीर खेळ झाला. तो वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला तिची गंधवार्ताही नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हे नेमके हेरले. दुसऱ्याच दिवशी तोच वायू हुंगून त्याने सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये केलेला त्याचा प्रयोग मात्र फसला. रोगी ओरडला आणि सभेने वेल्सची टर उडविली. तथापि १८४६ साली त्याच शहरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग यशस्वी केला, आणि शस्त्रक्रियेचे सारे जगच बदलले.

आज दाढ काढण्यासाठी बहुधा संपूर्ण भुलीची गरज पडत नाही. केवळ ती जागा बधिर केली जाते. त्यासाठी वापरावयाचे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी तयार केले. त्यात पुष्कळदा किंचित अॅड्रिनॅलिन मिसळतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी वाहते आणि बधिरता अधिक वेळ टिकते. वरच्या जबड्याचे हाड विरळ असल्यामुळे दाताजवळ टोचलेले औषध आत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड घट्ट असते. म्हणून तेथे जबड्यात मागच्या बाजूला, मज्जातंतूजवळच औषध सोडावे लागते, आणि अर्धा ओठ जड होतो. या अवस्थेत दाढ हालविल्याचा दाब जाणवतो, पण वेदना होत नाही. सुईचीच धास्ती असेल, तर हिरडीवर आधी बधिर करणारा मलम लावता येतो.

परंतु वेदना वेगळी आणि भीती वेगळी. जागा बधिर झाली तरी काहींचे मन थाऱ्यावर येत नाही. अशांसाठी गुंगीचे उपाय आहेत. नाकावरील मुखवट्यातून नायट्रस ऑक्साइड प्राणवायूबरोबर देतात. रोगी जागा राहतो, बोललेले ऐकतो, आणि वायू बंद केल्यावर थोड्याच मिनिटांत पूर्ववत होतो. पोटात घ्यावयाच्या गोळीने किंवा शिरेतून दिलेल्या औषधाने अधिक गुंगी येते. अशा वेळी घरचे माणूस सोबत हवे, आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. या उपायांनी भीती शमते, परंतु जागा बधिर करावीच लागते. संपूर्ण भूल फार लहान मुले, सहकार्य करू न शकणारे रोगी अथवा अवघड शस्त्रक्रिया यांसाठी राखलेली असते. तिला भूलतज्ज्ञ लागतो, आणि उपाशीपोटी जावे लागते : साधारणतः अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद.

आता उद्यावर ढकलण्याचा परिणाम पाहावा. दाढेखाली पू झाला म्हणजे तेथील पेशींत आम्लता वाढते. आम्लतेत बधिर करणारे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरत नाही, आणि मग सुई देऊनही दुखते. म्हणजे ज्या वेदनेला भिऊन मनुष्य दिवस काढतो, तीच वेदना त्या दिरंगाईने त्याच्या वाट्याला येते. दंतवैद्य अशा वेळी सूज असलेल्या भागापासून दूर सुई देतो, किंवा आधी पू वाहून जाऊ देतो. पण लवकर गेलेल्याला हा खटाटोप पडत नाही.

दंतवैद्यापुढे काही झाकून ठेवू नये. हृदयविकार, रक्तदाब, दमा, गर्भारपण, पूर्वी एखादे औषध न मानवल्याचा अनुभव, चालू असलेली औषधे, हे सारे स्पष्ट सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने थांबवू नये. बधिरता उतरेपर्यंत गरम चहा घेऊ नये आणि ओठ चावला जाणार नाही, इकडे लक्ष द्यावे; मुलांच्या बाबतीत तर विशेषच. आणि भीती वाटत असेल, तर तीही सांगावी. ती ऐकल्यावाचून कोणता उपाय योग्य, हे दंतवैद्याला ठरविता येत नाही.