समुद्रापलीकडे गेलेल्या चाली



स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम 20 किलोमीटर भरतो. एवढे पाणी नाचाच्या चालींनी ओलांडले नसते तरच नवल! पण पलीकडे गेल्यावर त्या चालींचे काय झाले, हे आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

'कॅबर फे', म्हणजे हरणाची शिंगे, ही स्कॉटलंडमधील मॅकेंझी कुळाची चाल घ्या. शेजारच्या दोन स्वरांवर आलटूनपालटून विसावत ती पुढे जाते. स्कॉटिश बॅगपाइपला स्वर अवघे नऊ, आणि त्याचा आवाज मध्येच थांबविता येत नाही. तोच स्वर पुन्हा काढावयाचा तर मध्ये निसटता कणस्वर घालून तो तोडावा लागतो. म्हणजे आपण ज्याला नटवणे म्हणू, ते तेथे निरुपायाने आलेले असते. हीच चाल आयर्लंडात 'रेकिश पॅडी' या नावाने नांदते. तिकडच्या बॅगपाइपला कोपराखालच्या भात्याने वारा मिळतो; त्यात दोन सप्तके आहेत आणि स्वर थांबविण्याची सोयही आहे. तेथील वादक एका स्वरावर रेंगाळतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या शेजाऱ्याला चुटकन शिवून परत येतो. चाल ओळखू येते, पण तिची बोली बदललेली असते.

वाद्यापेक्षाही मोठा अंमल पायांचा. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला 'स्ट्रॅथस्पे' हा स्कॉटलंडचा खास नाच. त्यात आघात पडतो तो कित्येकदा लघूवर, आणि गुरु त्याच्यामागून येतो. ऐकताना ठेच लागल्यासारखे वाटते! पर्थशरचा थोर फिडलवादक नील गौ (1727–1807) याची कीर्ती अशा वादनावरच उभी आहे. आयर्लंडच्या वायव्येस डोनेगल आहे. तेथील मजूर वर्षानुवर्षे सुगीला स्कॉटलंडात जात आणि मजुरीबरोबर चालीही घरी आणीत. तेथे स्ट्रॅथस्पेचा 'हायलँड' झाला. ठेच राहिली, पण तिची धार गेली. गज मात्र डोनेगलचा वादक आखूड आणि सुटा ओढतो; जवळजवळ प्रत्येक स्वराला वेगळा फटकारा. कथलाची भांडी करीत गावोगाव हिंडणारा जॉन डोहर्टी (मृत्यु 1980) या रीतीचा नामांकित वादक होता.

दक्षिणेस कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवर 'स्लीव लूक्रा' म्हणून डोंगराळ मुलूख आहे. इतरत्र चार मात्रांची 'रील' राज्य करते. येथे मान आहे पोल्का आणि स्लाइड यांना. पोल्का बोहेमियाहून युरोपभर पसरलेला, आणि येथल्या लोकांनी तो असा आपलासा केला की पाहुणेपणाची खूण उरली नाही. पाड्रिग ओकीफ (1887–1963) हा शाळेची नोकरी सुटल्यावर याच डोंगरांतून शिकवीत फिरे. चार तारांसाठी चार रकाने आणि बोटांसाठी आकडे, अशी त्याची स्वतःची लिपी होती. ज्या शिष्याला स्वरलेखन येत नसे, त्यालाही ती वाचता येई. आम्हांस कोणत्याही छापील संग्रहापेक्षा हे आकडे मोलाचे वाटतात.

छापील संग्रहही आले. कॉर्कमध्ये जन्मून शिकागोचा पोलीसप्रमुख झालेल्या फ्रान्सिस ओनीलने 1907 साली 1001 चालींचे पुस्तक काढले. पुढे स्लायगोचा मायकेल कोलमन (1891–1945) न्यूयॉर्कला गेला. 1920 नंतर निघालेल्या त्याच्या तबकड्या आयर्लंडात परतल्या, आणि अन्य प्रांतांतली तरुण मंडळी स्लायगोच्या ढंगाने वाजवू लागली. कोलमनने प्रांतिक ढंग मारले, असा आरोप पुष्कळ वेळा होतो. आम्हांस तो पटत नाही. तबकडी ऐकून वादक हात बदलील. पण समोर नाचणारे जुन्याच रीतीने पावले टाकीत असतील, तर त्याला त्यांच्यामागे जावेच लागते. खरा घाव बसला तो 1935 च्या आयरिश कायद्याने. सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला, आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांत दगडी फरशीवर चालणारे नाचही त्या धाकाने ओसरले. परवान्याच्या दिवाणखान्यांत मोठी वाद्यवृंदे आली. फिडलवाल्याची चूक ज्या पायांना तत्काळ कळत होती, ते पायच समोरून उठून गेले.

कॅनडातील केप ब्रेटन बेटाची हकीकत याच्या उलट आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून प्रामुख्याने 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे गेलेल्या कुटुंबांनी स्ट्रॅथस्पे आणि रील आपल्या पायांच्या नाचासाठी वाजवीत ठेवले. 1970 च्या दशकाच्या आरंभी तेथील फिडलवादक नामशेष होत चालल्याचे सांगणारा एक माहितीपट निघाला. बेटावरचे लोक दुखावले. 1973 साली ग्लेनडेल या खेड्यात त्यांनी मेळा भरविला, आणि शंभराहून अधिक फिडलवादक तेथे वाजविण्यास हजर झाले.