कारखानदार पंतप्रधान

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांचे मावसभाऊ स्टॅनली बाल्डविन हे मूळचे लोखंडाचे कारखानदार. इंग्लंडमधल्या वूस्टरशायरात घरच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर, १९०८ साली वडील वारले तेव्हा, त्यांच्याच बेवडली मतदारसंघातून ते हुजूर पक्षातर्फे खासदार झाले. १९१९ मध्ये देश पहिल्या महायुद्धाच्या कर्जात बुडाला होता. ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं: माझ्या संपत्तीचा पाचवा हिस्सा मी देशाला देतो. खाली नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं! पत्र बाल्डविन यांचंच होतं. सुमारे १,२०,००० पौंड खर्चून त्यांनी कर्जरोखे घेतले आणि रद्द करवले. इतर धनिकांनीही पुढे यावं, ही त्यांची तळमळ. आले फार थोडे. मला मात्र त्यांच्या तीन वेळच्या पंतप्रधानपदापेक्षा हे निनावी पत्रच मोठं वाटतं.