तुकडा आणायचा कुठून?



मराठवाड्याच्या कलाशिक्षकांच्या या संमेलनाला अध्यक्ष म्हणून तुम्ही मला लातूर जिल्ह्यातल्या रेणुकादेवीच्या या गावात बोलावलंत. मघाशी गळ्यात पडलेला हार खऱ्या फुलांचा होता, हे आधी नोंदवतो. संमेलनाचा विषय निसर्ग आणि मोझॅक असल्यामुळे कुणीतरी विचार केलेला दिसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मोझॅकमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चित्रात, मोर काढला की वड, यावरून ते पर्यावरणाचं काम ठरत नाही. तुकडा कुठून आणला आणि लावला कुठे, यावरून ठरतं. दुकानातून कोऱ्या टाइल्सचे खोके आणून ते फोडायचे आणि वर ‘झाडे वाचवा’ लिहायचं, याला मी तरी गुण देणार नाही.

निसर्गाचं चित्र काढणारा निसर्गाच्या बाजूचा असतोच, असंही नाही. सिसिली बेटावर पियाझ्झा अर्मेरिनाजवळ चौथ्या शतकातला एक रोमन वाडा आहे. तिथल्या लांबलचक ओवरीच्या जमिनीवर बारीक तुकड्यांत हत्ती, गेंडा, वाघ, शहामृग असे काही जिवंत उतरवलेत की पाहत राहावं. पण चित्रात चाललंय काय? हे प्राणी पकडून, बांधून जहाजावर चढवताहेत, आखाड्यातल्या खेळांसाठी. कारागिरी अव्वल, आणि विषय प्राण्यांची लूट.

उलट चंदीगडला पाहा. रस्त्यांच्या कामावर नोकरी करणाऱ्या नेक चंद यांनी १९५७च्या सुमाराला लपूनछपून एक बाग रचायला घेतली. नवं शहर वसवताना जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटकी भांडी आणि वाढलेल्या बांगड्या हेच त्यांचं सामान. १९७६ साली ते रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं. तिथे कचरा कमी झाला आणि कलाही झाली.

मला मात्र आपल्यासाठी याहून जवळचं उदाहरण बाळकृष्ण दोशींचं वाटतं. जन्म पुण्याचा, १९२७चा, कर्मभूमी अहमदाबाद, २०१८चं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं. १९८०च्या सुमाराला त्यांनी ‘संगाथ’ हे आपलं कार्यालय बांधलं. त्याची अर्धगोल छपरं पांढऱ्या चायना मोझॅकने मढवलेली आहेत. फुटक्या, टाकून दिलेल्या टाइल्सचे तुकडे. पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो, आतली खोली कमी तापते, आणि पावसाचं पाणी त्याच छपरांवरून पन्हळींत उतरतं. पुढे अहमदाबादच्याच ‘गुफा’ या कलादालनावर दोशी आणि आपल्या पंढरपूरचे चित्रकार हुसेन एकत्र आले. तिथल्या घुमटांवरही तुकड्यांचंच काम आहे, त्यावर काळा नाग. तिथे चित्र आणि छप्पर वेगळं काढता येत नाही.

हे मी लातूर जिल्ह्यात का सांगतोय, ते तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. जिल्ह्याच्या क्षेत्रात जंगल एक टक्काही नाही. अशा ठिकाणी तापणारा स्लॅब आणि वाहून जाणारं पाणी हा चित्रकलेच्या तासाचा विषय नाही, असं कोण म्हणेल? शाळेतली पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत चित्रकलेचं पद आधी गळतं, ते आपण कलाशिक्षक शोभेचे उरलो म्हणून.

तुकडा कुठून आणला याइतकाच, मागे काय उरतं हाही प्रश्न आहे. कला पुसली जावी का टिकावी, हा वाद आपल्याच जिल्ह्यातल्या निलंग्याने २०१९ला छान उभा केला. मंगेश निपाणीकर यांनी सुमारे सहा एकर रानात बी पेरून, उगवलेल्या गवतातून शिवाजी महाराजांची प्रतिमा साकारली. मला त्यातला आकाराचा विक्रम फारसा मोहवत नाही; चौरस फुटांवर कला मोजायची सवय आपल्याला लागलीय. आवडलं ते एवढंच की अशा चित्राचा मागे कचरा उरत नाही, ते मातीत जातं.

आता प्लॅस्टिकबद्दल. ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या नावाखाली बाटल्यांची झाकणं आणि सीडी भिंतीवर डकवायची टूम शाळाशाळांत आहे. वर्गाच्या आत ठीक. बाहेरच्या भिंतीवर आपल्या उन्हात ती ठिसूळ होतात आणि त्यांचा भुगा अंगणात पडतो. म्हणजे कचरा बारीक करून मातीत कालवला. हे करू नका. गारगोट्यांसाठी नदीतही उतरू नका. वाळूवाल्यांनी पात्राचे पुरेसे हाल केलेत. फरशीवाल्याच्या दुकानामागे शहाबादीचे, कडप्प्याचे, बाथरूमच्या टाइल्सचे तुकडे पडलेले असतात. मागितले तर तो आनंदाने देतो, त्याचा ट्रॅक्टर वाचतो.

एक खंड्या करून पाहा, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. पाठीचा निळा एका टाइलमध्ये मिळत नाही, तीन-चार निळे लागतात. तुकड्यांच्या ओळी पिसांच्या दिशेने वळवा; आडव्या लावल्यात तर पक्षी भिंतीत चिणल्यासारखा दिसतो. दोन तुकड्यांत काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवा. ग्राउट पांढरं भरू नका, रंग फिके पडतात. गडद राखाडी भरा, निळा उठून येतो. आणि हे एप्रिलात करू नका. उन्हात सिमेंट पकड घेण्याआधीच सुकतं आणि तुकडे पावसाळ्यात निसटतात. दिवाळीनंतर करा, आठवडाभर पाणी मारा.

उरलेला पांढरा माल गच्चीसाठी. आधी अभियंत्याला स्लॅब दाखवा, गळका असेल तर दुरुस्ती पहिली. मग उतार देऊन कोबा, वर तुकडे, आणि उताराच्या टोकाला पाणी साठवण्याची सोय. पत्र्याच्या वर्गांना हे लागू नाही. त्यांच्या छपरासाठी आपल्याला कलाशिक्षक म्हणून नाही, नागरिक म्हणून भांडावं लागेल.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या संमेलनाला कामाचे फोटो आणालच. प्रत्येक फोटोमागे लिहून आणा: तुकडे कुठले, सिमेंट किती गेलं, आणि त्या गच्चीखालच्या वर्गात दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेतला थर्मामीटर आधी किती दाखवत होता, आता किती दाखवतो.