शंकेतून गेलेली श्रद्धा

शंका आणि श्रद्धा यांचे हाडवैर आहे, असा समज सर्वत्र आढळतो. ज्याच्या मनात शंका शिरली त्याची श्रद्धा गेली, आणि ज्याची श्रद्धा पक्की त्याला प्रश्न पडतच नाहीत, असे मानले जाते. पंडिता रमाबाईंचे चरित्र या समजाशी जुळत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. व्रते झाली, उपवास झाले, दानधर्मात होते नव्हते ते सरले. तरी आईवडील आणि थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात पहिली शंका उमटली ती अशी, उपाशीपोटी. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शंका मात्र संपल्या नाहीत. आता त्या ख्रिस्ती धर्मासंबंधी होत्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. इतके पंथ असताना खरा कोणता, हेही उमगेना. ज्या भगिनींनी आश्रय दिला त्यांची अपेक्षा आज्ञापालनाची होती. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यावयाचे नाही, असे रमाबाईंनी स्पष्ट कळविले. बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशाही सोडावी लागली. तरीही, न पटलेले पटल्याचा बहाणा त्यांनी केला नाही आणि जे पटले होते तेही टाकले नाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले आणि पुढे ते पुण्यास गेले. १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनाला काहीसा ठाव लागला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचा कबुलीजबाब त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिला. पण बाहेर वादळ उठले होते. ख्रिस्ती मंडळींपैकी काहींना हे सदन पुरेसे ख्रिस्ती वाटेना. हिंदू समाजाला ते नको तितके ख्रिस्ती वाटू लागले. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुली पालकांनी परत नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. पण सदनात प्रार्थनेची सक्ती करावयाची नाही आणि स्वतःची प्रार्थनाही दार लावून करावयाची नाही, हा रमाबाईंचा बाणा होता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या भुकेची ओळख त्यांना पुस्तकातून करून घ्यावयाची नव्हती. त्या स्वतः तेथे गेल्या आणि मरणाच्या दारी बसलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. ज्या दुष्काळाने एके काळी त्यांच्या बालपणीचा विश्वास हिरावला होता, त्याच्याच समोर त्यांचा नवा विश्वास आता हातांनी काम करू लागला.

शेवटची कसोटी उरली होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली; कार्याचा वारसा जिच्या हाती द्यावयाचा ती एकुलती कन्या. रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मग सेवेला लागू, असे रमाबाई म्हणाल्या असत्या, तर केडगावच्या माळावर एकही चूल पेटली नसती. शंका त्यांनी लपविली नाही आणि तिची सबब करून त्या स्वस्थही बसल्या नाहीत. अवघड दिवसांत श्रद्धा टिकते ती बहुधा अशीच: प्रश्न जवळ असतात, आणि पुढ्यातल्या उपाशी मुलीला आधी भाकरी वाढली जाते.